मम म्हणण्याआधी : आयईपीची पूजा, नवशिक्या यजमानांसाठी

हा विधी वर्षातून एकदा येतो. मुहूर्त शाळा काढते, आणि तो हमखास मंगळवारी सकाळी ९.४० चा निघतो, ज्या दिवशी तुमच्या ऑफिसात रिलीज असतं. पंचांग शाळेचं, तेव्हा मुहूर्त बदलता येत नसणार असं आपण धरून चालतो. बदलता येतो. बैठक शाळेला आणि आई-वडिलांना दोघांनाही जमेल अशा वेळी ठेवावी, असं अमेरिकेच्या कायद्यातच आहे. आम्हाला हे चौथ्या वर्षी कळलं. तोवर तीन वर्षं मी एका कानात ऑफिसचा म्यूट केलेला कॉल घालून पूजेला बसत होते.

पूजा का म्हणते ते सांगते. सत्यनारायणाला बसलेला कुठलाही नवरा आठवा. सोवळं सुटायच्या बेतात आहे, समोर गुरुजी भराभर म्हणत चाललेत, मधूनच ‘पळीभर पाणी सोडा’, ‘फुलाने शिंपडा’ असे हुकूम सुटतात, आणि अधूनमधून ‘मम म्हणा’. तो म्हणतो, ‘मम.’ कशाला मम म्हटलं हे त्याला ठाऊक नसतं, पण पुण्य जमा झालं असणार असा विश्वास असतो. न्यू जर्सीतल्या शाळेच्या कॉन्फरन्स रूममध्ये आयईपीच्या बैठकीला बसलेले मराठी आई-बाप हुबेहूब असेच दिसतात. फक्त इथे गुरुजी सात असतात, आणि ‘मम’च्या जागी सही असते.

आयईपी म्हणजे इंडिव्हिज्युअलाइज्ड एज्युकेशन प्रोग्रॅम. आपल्या मुलाला शाळेत काय वेगळं शिकवणार, कोण शिकवणार, आठवड्यातून किती मिनिटं शिकवणार आणि ते जमतंय की नाही हे कसं मोजणार, याचा कागद. आमचे चिरंजीव पाच वर्षांचे असताना पहिला कागद झाला. ऑटिझम, आणि बोलणं फारच कमी. यंदा चिरंजीव चौदाचे आहेत. म्हणजे माझ्या गाठीला दहा पूजा आहेत, आणि त्यातल्या निदान पाच मी चुकवलेल्या आहेत. चुकवलेल्यांच्या जोरावरच हे मार्गदर्शन करते आहे.

मंत्र

आधी अक्षरं पाठ करा. सीएसटी म्हणजे चाइल्ड स्टडी टीम. तीत शाळेच्या मानसशास्त्रज्ञ, सोशल वर्कर आणि एलडीटीसी नावाच्या एक बाई असतात, ज्यांचं पूर्ण पद मला अजून एका श्वासात म्हणता येत नाही. या तिघांपैकी कुणीतरी एक तुमच्या मुलाची केस मॅनेजर. एलआरई म्हणजे मुलाला जमेल तितकं इतर मुलांच्यातच ठेवायचं, उगाच वेगळ्या खोलीत नेऊन बसवायचं नाही. ईएसवाय म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतही चालू राहणारे वर्ग, ज्यांचा विषय शाळा आपणहून काढेल याची वाट बघू नये.

आणि ओटी. ऑक्युपेशनल थेरपी: पेन्सिल धरणं, बटणं लावणं, गोंगाट सोसणं. मला पहिल्या बैठकीत ते ऑपरेशन थिएटर वाटलं, आणि पोराला आठवड्यातून दोनदा ओटीला नेणार हे ऐकून पाय लटपटले. संध्याकाळी सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘अगं, मुलग्याची कसली ओटी भरतात?’

अक्षराचा अर्थ कळला नाही तर तिथल्या तिथे विचारा. दर अक्षराला विचारा. आपल्याला वाटतं, अडाणी ठरू. मास्टर्स करून आलोय, एवढंही माहीत नाही का, असं म्हणतील. खरं तर खोलीतल्या सातांपैकी दोघींनाही सगळी अक्षरं माहीत नसतात आणि तुम्ही विचारल्यावर त्या हळूच लिहून घेतात.

आवाहन

देवाला बोलवायचं तर आवाहन करावं लागतं. मनातल्या मनात ‘ये रे बाबा’ म्हटलेलं चालत नाही. मुलाची तपासणी व्हावी असं वाटत असेल तर ते लिहून द्यावं लागतं, तारीख घालून.

आपली पद्धत वेगळी. आपण मुलाला घ्यायला गेल्यावर, दारात, बर्फात, टीचरच्या कानावर घालतो. ‘थोडा मागे वाटतो हो.’ टीचर म्हणते, ‘वी विल कीप ॲन आय ऑन इट.’ आपण घरी येऊन सांगतो की शाळेच्या कानावर घातलंय. कानावर घातलेलं कानातच राहतं. आमचं सात महिने राहिलं.

लेखी विनंती पोचली की मात्र न्यू जर्सीत घड्याळ चालू होतं. वीस दिवसांत शाळेला तुमच्यासोबत बसून तपासणी करायची की नाही हे ठरवावं लागतं. तुम्ही संमती दिलीत की नव्वद दिवसांत तपासणी, निर्णय आणि मूल पात्र ठरलं तर आयईपी चालू, एवढं सगळं उरकायला लागतं. हे घड्याळ एका ईमेलने चालू होतं, चार ओळींच्या. ‘माझ्या मुलाची विशेष शिक्षणासाठी तपासणी व्हावी अशी मी विनंती करते’ एवढं पुरे. आमच्या यजमानांनी, म्हणजे खऱ्या यजमानांनी, पहिला मसुदा अडीच पानांचा केला होता, त्यात जन्माच्या वेळचं वजन आणि स्वतःच्या दहावीच्या टक्क्यांचा उल्लेख होता.

शाळेच्या दारात एक दिवस एखादी टीचर इकडेतिकडे बघून हळूच म्हणेल, ‘मी सांगितलं असं सांगू नका, पण लेखी द्या.’ तिचं नाव कुणाला सांगू नका. दिवाळीला आठवण ठेवा.

साहित्य

जाड फाईल एक, तीन कड्यांची. पेन दोन. मुलाचा फोटो एक, मोठा, टेबलावर आपल्या समोर उभा करायला. हे कुणीतरी सुचवलं तेव्हा मला नाटकी वाटलं होतं. पण चाळीस मिनिटं ‘द स्टुडंट’, ‘द स्टुडंट’ चाललेलं असताना तो फोटो टेबलावर असला की कुणीतरी नकळत नाव घेतं.

तपासणीचे अहवाल. न्यू जर्सीत मूल पात्र आहे की नाही हे ठरवायच्या बैठकीच्या निदान दहा दिवस आधी ते तुमच्या हातात यायला हवेत. नाही आले तर मागा, आणि आल्यावर वाचा. पर्सेंटाइल बघून रडायचं असेल तर ते घरी उरका, शाळेच्या टेबलावर टिश्यूचा खोका ठेवलेला असतो त्याचा मोह पडू देऊ नका.

नवरा असेल तर नवरा. नवऱ्याला एक्सेल शीट करायला द्यावी, त्याने तो शांत राहतो. नसेल किंवा तो टूरवर असेल तर मैत्रीण न्या. मुलाला ओळखणारं किंवा या विषयातलं कुणीही माणूस आपल्या बाजूने आणायचा तुम्हाला हक्क आहे. तिने काही बोलायला नको. तिने फक्त लिहायचं. समोर कुणी लिहीत बसलंय म्हटल्यावर माणसं मोजून बोलतात.

दुभाषा हवा असेल तर शाळेने द्यायचा असतो, आणि तुमच्या भाषेतला. आमच्या ओळखीतल्या एका घरी आजी-आजोबाच मूल सांभाळत होते, त्यांच्यासाठी दुभाषा मागितला तर शाळेने हिंदी बोलणाऱ्या बाई पाठवल्या. आजी अर्धा तास मान डोलावत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘स्वभावाने चांगल्या होत्या.’

आता भाषेचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथली आहे.

पहिल्या तपासणीत चिरंजीवांना चित्रं दाखवून नावं विचारली. एका चित्रात ताटलीत पॅनकेक होते. चिरंजीव म्हणाले, ‘धिरडं.’ बरोबर म्हणाले. त्या वर्षी ते सगळे मिळून जे तीसेक शब्द बोलत होते त्यातला तो एक होता, आणि सकाळी भूक लागली की ओट्याजवळ येऊन ते तो म्हणत असत. अहवालात त्याची नोंद ‘अर्थबोध न होणारा ध्वनी’ अशी झाली. असे आणखी किती ध्वनी निघाले असतील देव जाणे. तपासणी मुलाच्या स्वतःच्या भाषेत, जिथे त्याला खरोखर काय येतं ते कळेल अशी व्हायला हवी असं कायदा सांगतो. पण मला कुठे माहीत होतं? मी अहवालावर सही केली. मम.

आणि मग खोलीतल्या एका अतिशय प्रेमळ बाईंनी सल्ला दिला: घरी एकच भाषा बोला, इंग्रजी, त्याचा गोंधळ होतोय. आम्ही बोललो. चौदा महिने बोललो. सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर यायच्या, नातवाला ‘हाऊ आर यू सोन्या’ म्हणायच्या आणि पुढे काय बोलावं ते न सुचून नुसत्या बघत बसायच्या. त्याचं इंग्रजी काही वाढलं नाही. धिरडं मात्र गेलं. दुसऱ्या एका स्पीच थेरपिस्ट बाईंनी, याच देशातल्या, ऐकून कपाळाला हात लावला. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. घरची माणसं ज्या भाषेत मोकळेपणी बोलतात ती काढून घेतली की मुलाच्या कानावर पडणारं एकूण बोलणंच कमी होतं, एवढं साधं आहे ते. सल्ला देणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, मी ऐकलं नसतं.

नैवेद्य

पहिल्या वर्षी मी चकल्या नेल्या. सगळ्यांनी ‘ओ माय गॉड’ म्हणून खाल्ल्या. दुसऱ्या वर्षी ॲलर्जीमुळे घरचं चालणार नाही, दुकानातलं सीलबंद आणा, असं पत्र आलं. तिसऱ्या वर्षी काहीच नेलं नाही, आणि बैठकीचा निकाल तिन्ही वर्षी सारखाच लागला.

स्तोत्र

बैठक स्तुतीने सुरू होते. ‘ही इज सच अ जॉय टु हॅव इन क्लास.’ हे ऐकलं की आपण विरघळतो. आपल्या शाळांत मास्तरांनी आई-बापांना बोलावलं म्हणजे कार्ट्याने काहीतरी दिवे लावलेत, एवढंच आपल्याला माहीत. इथे सात शिकलेल्या बायका रांगेने तुमच्या मुलाचं कौतुक करतात. ते खोटं नसतं. पण त्यात पंचेचाळीसपैकी बारा मिनिटं जातात, आणि दारातून पुढचं कुटुंब आत डोकावत असतं. हसून ‘थँक यू’ म्हणा आणि विचारा, ‘आता गेल्या वर्षीची उद्दिष्टं बघू या का?’

उद्दिष्टं बघताना जुना आयईपी शेजारी ठेवा. चौथ्या वर्षी मी असा ठेवला तर पाचपैकी तीन उद्दिष्टं शब्दशः तीच निघाली, फक्त साल बदललं होतं. विचारलं, गेल्या वर्षी जमलं नाही म्हणून तेच ठेवलंय का? हो. मग शिकवायची पद्धत काय बदलणार आहात? खोलीत शांतता पसरली. तो माझा पहिला चांगला प्रश्न होता, आणि तो कायद्याच्या पुस्तकातून आला नव्हता. आठवड्याची भाजी बिघडली तर पुढच्या वेळी काहीतरी वेगळं करायचं असतं, एवढ्याच ज्ञानातून आला होता.

मिनिटं बारकाईने वाचा. ‘स्पीच, आठवड्यातून दोनदा, ३० मिनिटं, गटात.’ गट किती जणांचा? पाच. खोलीतून आणायला-न्यायला किती वेळ जातो? मग हिशोब करा, तुमच्या पोराच्या वाट्याला बोलायला किती येतं. आणि ‘ॲज नीडेड’ हे दोन शब्द कुठेही दिसले तर पेन खाली ठेवा. आपल्या पाककृतीत ‘मीठ चवीनुसार’ असतं ना, तसं ते आहे. तिथे निदान चव कुणाची ते ठाऊक असतं, जो जेवणार त्याची. इथे गरज कुणाची? मुलाला मदतनीस ‘गरजेनुसार’ म्हणजे त्या दिवशी मदतनीस बाई मोकळ्या असल्या तर.

एक शब्द तुम्हीही तोंडातून काढू नका: बेस्ट. ‘आम्हाला त्याच्यासाठी बेस्ट हवंय.’ प्रत्येक मराठी बाप हे म्हणतो. शाळेच्या माणसांना ते ऐकून हायसं वाटतं, कारण बेस्ट देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. १९८२ साली एमी रोली नावाच्या कर्णबधिर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते सांगून टाकलं: पहिलीतली मुलगी, हुशार, आई-वडिलांनी वर्गात खुणांच्या भाषेचा दुभाषा मागितला होता, तो मिळाला नाही. कायद्यातला शब्द ‘ॲप्रोप्रिएट’ आहे, योग्य. मग योग्य म्हणजे किती? काही न्यायालयं ‘शून्यापेक्षा जरा जास्त’ एवढ्यावरच भागवत होती. २०१७ साली कोलोरॅडोतल्या एंड्र्यू नावाच्या ऑटिझम असलेल्या मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की तेवढं चालणार नाही, मुलाची परिस्थिती लक्षात घेऊन त्याची खरीखुरी प्रगती होईल असा आराखडा हवा. तेव्हा बेस्ट म्हणू नका. ‘हे त्याच्यासाठी योग्य आहे का, आणि कशावरून?’ असं म्हणा. तेच मागणं, पण आता उत्तर द्यावं लागतं.

‘वी डोन्ट डू दॅट इन धिस डिस्ट्रिक्ट’

हे वाक्य येणार. एखादी सेवा मागितली की येतंच. त्यावर भांडू नये. चेहऱ्यावर सत्यनारायणाच्या प्रसादासारखा गोडवा ठेवून म्हणायचं, ‘ठीक आहे. तुम्ही नकार देताय हे, आणि का देताय ते, मला लेखी द्याल का?’ याला पीडब्ल्यूएन म्हणतात. नकाराचं कारण, त्यासाठी कोणते अहवाल पाहिले, आणखी कोणते पर्याय विचारात घेतले, हे सगळं त्यांनी लिहून द्यायचं असतं. तोंडी नकार द्यायला काही लागत नाही. लेखी द्यायला दुसऱ्या दिवशी बसावं लागतं. तीनदा माझ्या बाबतीत असं झालं की लिहायला बसल्यावर नकाराचा होकार झाला.

त्यांच्या बाजूनेही सांगायला हवं. जेराल्ड फोर्ड यांनी २९ नोव्हेंबर १९७५ रोजी विशेष शिक्षणाच्या या कायद्यावर सही केली, त्याआधी अशी लाखो मुलं शाळेबाहेर होती. जादा खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंत भार केंद्र सरकार उचलेल असं तेव्हा ठरलं. पन्नास वर्षांत तो आकडा एकदाही गाठलेला नाही. म्हणजे वॉशिंग्टनने हॉल ठरवला, जेवणावळ ठरवली, पाहुणे बोलावले, आणि बिलाच्या वेळी फोन बंद. समोर बसलेल्या बाई तो फोन लावून थकलेल्या आहेत. हे मनात ठेवा. मागणी मात्र कमी करू नका.

मम

आता सही. पहिली सही हजेरीची असते, ती करा. बाकी कागद घरी घेऊन या, वाचा. ‘आत्ताच केलीत तर सोमवारपासून चालू करता येईल’ हे वाक्य मी गाडीच्या शोरूममध्येही ऐकलेलं आहे.

पण इथे न्यू जर्सीची एक गंमत आहे, ती नीट समजून घ्या. पहिल्यावहिल्या आयईपीला तुमची लेखी संमती लागते. त्यानंतर दरवर्षी येणाऱ्याला नाही. कागद हातात पडल्यापासून पंधरा दिवस तुम्ही गप्प राहिलात तर तो लागू होतो. आम्ही दुसऱ्या वर्षी सही न करता मोठ्या बाणेदारपणे घरी बसलो होतो. सोळाव्या दिवशी मदतनीस बाई बंद झाल्या. गप्प बसणं हेच तिथे मम आहे. पंधरा दिवसांच्या आत मध्यस्थीची किंवा सुनावणीची लेखी मागणी गेली, तर वाद मिटेपर्यंत जुना आयईपी तसाच चालू राहतो.

शाळेची तपासणी पटली नाही तर बाहेरची, शाळेच्या खर्चाने मागता येते. शाळेने एकतर पैसे द्यावेत नाहीतर आपली तपासणी बरोबर होती हे सुनावणीत सिद्ध करावं. आणि सुनावणीपर्यंत गेलंच, तर पुरावा कुणी द्यायचा? सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितलं, जो तक्रार करतो त्याने, म्हणजे बहुतेक वेळा आई-बापाने. न्यू जर्सीने २००८ साली स्वतःचा कायदा करून ते ओझं पुन्हा शाळेच्या डोक्यावर ठेवलं. ओक ट्री रोडवर भाजी घेताना आपण या राज्याच्या प्रॉपर्टी टॅक्सला जेवढ्या शिव्या देतो, त्यातल्या दोन या कायद्यासाठी परत घ्यायला हरकत नाही.

सुनावणीपर्यंत क्वचितच जावं लागतं. आपल्याला अडवते ती वेगळीच गोष्ट. ‘कशाला वाकडं घ्यायचं? पोरगं दिवसाचे सात तास त्यांच्या हातात आहे.’ हे मी माझ्या आईकडून ऐकलं, नवऱ्याकडून ऐकलं, मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत ऐकलं, आणि रात्री दोन वाजता स्वतःकडून ऐकलं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. नऊ वर्षांत कुणी माझा राग त्याच्यावर काढल्याचं मला दिसलं नाही, एवढं सांगू शकते. पण ज्याला शाळेत काय झालं ते घरी येऊन सांगता येत नाही, त्याच्या आईला ‘दिसलं नाही’ या शब्दांवर किती टेकता येतं? मी तरीही लेखी मागते. ईमेल पाठवायचं बटण दाबताना पोटात खड्डा पडतो, तो दहाव्या वर्षीही पडला.

यजमान

चौदाव्या वर्षापासून न्यू जर्सीत मुलालाही बैठकीला बोलावतात. पुढे काय करायचं, कुठे राहायचं, कसलं काम, याचं बोलणं तेव्हा सुरू होतं. यंदा चिरंजीव स्वतः आले. फोटो न्यायची गरज नव्हती. इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसले आणि पहिली वीस मिनिटं टिश्यूच्या खोक्याच्या कडा बोटाने मोजत होते.

मदतनीस बाईंच्या पानावर आलो. दुसऱ्या वर्षी गेलेल्या त्या बाई परत मिळवायला मला तीन वर्षं, अकरा पत्रं आणि बाहेरची एक तपासणी लागली होती. दिवसभर, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा, ‘गरजेनुसार’ हा शब्द कुठेही नसलेलं ते पान आहे, माझ्या फाईलमधलं सगळ्यात देखणं. केस मॅनेजर बाई म्हणाल्या, हे आहे तसंच ठेवू या, आणि पुढचं पान उलटणार तोच चिरंजीव बोलले, खोक्यावरून नजर न काढता.

‘नो. नॉट इन लंच.’

सगळ्या सातजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी फाईलकडे बघितलं. मग विचारलं, मराठीत, ‘जेवताना नको?’

‘नको. मुलं असतात.’

केस मॅनेजर बाई पेन वर धरून थांबल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, लिहून घ्या.